पडद्यावर बिडी विझत नाही

पौषात भोकरच्या पुढच्या शिवारात धूर वर जात नाही. सकाळी तुराट्या पेटवल्या की तो कमरेइतका चढतो, थांबतो, आडवा होतो आणि ओढ्याच्या कडेने सरकत रेल्वेच्या रुळांपर्यंत जाऊन बसतो. ऊन तापेपर्यंत उठत नाही. त्याला तुरीच्या भुसकटाचा वास असतो, गोवऱ्यांचा असतो, आणि जवळ कोणी म्हातारा बसलेला असेल तर तेंदूच्या पानाचाही असतो. यंदाही तूर निघाली आहे. मळणीयंत्रांची घरघर इस्लापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत कानांत राहते. हरभरा घाट्यांवर आला आहे, आणि सकाळच्या वेळी शिवारात धूर आडवा पसरलेला असतो.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच पौषात या शिवारात दुसरा एक धूर आला होता. त्याचा वास गोडसर, औषधी होता. तो एका यंत्रातून निघायचा आणि कोणीतरी हात वर केला की थांबायचा. मुंबईहून एका सिनेमाचं युनिट आलं होतं. कथा सत्तरच्या दशकातली, खेड्यात बदलून आलेल्या एका तरुण डॉक्टरची. बालाजी पाटलांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, गोठा आणि पुढचं अंगण, त्यांनी भाड्याने घेतला होता. जिल्हा पानाला शूटिंगची बातमी हवी होती, म्हणून मी नांदेडहून ये-जा करत होतो.

सत्तरचं दशक उभं करायला फार काही लागत नाही, हे तिथे पाहायला मिळालं. सोलरचं पॅनल उतरवलं, ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्यामागे टाकल्या, कातडी वेष्टणातला एक रेडिओ खुंटीला टांगला. मोबाइलचा टॉवर हलवता येत नव्हता. त्याच्यासमोर धूर सोडला. उरलेलं काम सिगारेटींनी केलं. डॉक्टर ओढत होता, तलाठी ओढत होता, एसटीचा कंडक्टर ओढत होता. नाडी बघताना डॉक्टरच्या दुसऱ्या हातात सिगारेट असावी की नसावी यावर बराच वेळ चर्चा झाली. असावी असं ठरलं.

पडद्यावरचं जुनं दशक असंच ओळखता येतं. त्यात सगळे ओढतात आणि कोणी खोकत नाही. कोणी थुंकत नाही, कोणाच्या धोतराला ठिणगीचं भोक नसतं, बोटं पिवळी नसतात. विरहात ओढतात, विचारात ओढतात, खिडकीशी उभे राहून ओढतात, आणि प्रकाश मागून असल्यामुळे धूर निळा दिसतो. साधा चेहराही त्या निळ्या धुरामागे खोल वाटू लागतो. त्या दशकांत खरोखर एवढी ओढलेली माणसं आज पाहायची असतील तर नांदेडच्या कोणत्याही छातीच्या दवाखान्यात सकाळी जावं. ती बाकावर ओळीने बसलेली असतात. त्यांच्यामागे प्रकाश नसतो.

माझ्या पहिल्या नोकरीत एक ज्येष्ठ उपसंपादक बिडी ओढायचे. टेबलावर राख झाडायला नारळाची करवंटी होती. मथळा सुचेपर्यंत बिडी विझायची. सुचला की ते विझलेली बिडी ओठांत ठेवून मान पुढे करायचे आणि जवळचा कोणीतरी काडी पेटवून धरायचा. आम्ही तिथे लिहायला शिकलो त्याआधी काडी धरायला शिकलो. त्यांच्या जागेवरच्या न्यूजप्रिंटला नेहमी बारीक भोकं असायची. शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज गेला. मग ते मथळे कागदावर लिहून दाखवत. ते वारले तेव्हा बातमी एका कॉलमात बसवली. त्या दिवशी जाहिराती जास्त होत्या.

बिडी विझते, ही गोष्ट पडद्यावर कोणाला ठाऊक नसते. सिगारेट पेटवून बाजूला ठेवली तरी जळत राहते. बिडीचं पान तसं नाही. ओढणारा शेजाऱ्याशी चार शब्द बोलला, बैलाला पाणी दाखवून आला, की ती गार. म्हणून बिडी ओढणाऱ्याला दिवसभर विस्तव मागावा लागायचा. काडीपेटी प्रत्येकाकडे नसायची. विस्तव कोणाकडे मागायचा आणि तो कसा मिळायचा, हे त्या काळच्या खेड्यात जन्माने ठरलेलं असे. सिनेमातली बिडी विझत नाही. त्यामुळे ही अडचणच उरत नाही.

किशनराव सोनकांबळे याच गावचे. वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. वादळात किती खांब आडवे झाले हे तालुक्यात त्यांच्याइतकं लवकर कोणी सांगत नसे, तेव्हापासूनची आमची ओळख. घर बौद्ध. वडील बालाजी पाटलांच्या आजोबांकडे सालगडी होते. आता किशनरावांची स्वतःची थोडी जमीन आहे, पाटलांच्या बांधाला लागूनच. गाव त्यांना किशनकाका म्हणतं, बालाजी पाटीलही काकाच म्हणतात, आणि फाट्यावरच्या हॉटेलात दोघं एका टेबलावर चहा पितात. मुलगी शीला लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळला शिक्षिका आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवल्यावर तिनेच त्यांची बिडी बंद केली होती. बिडी सुटली, पण सदऱ्याच्या खिशात काडीपेटी राहिली. ती नेहमी भरलेली असायची. मला वाटायचं, खांबावर काम करणाऱ्याची सवय असेल.

त्यांना शूटिंगमध्ये घेतलं ते चेहऱ्यामुळे. आगटीभोवतीच्या घोळक्यात बसायचं होतं, बोलायचं काही नव्हतं. आगटी म्हणजे शेकोटी. संध्याकाळ, मधे विस्तव, भोवती पाटील, डॉक्टर, शेतकरी आणि सालगडी. पाटील एक बिडी पेटवतात, झुरका घेतात आणि पुढच्याला देतात. ती हातोहात फिरत सगळ्यांच्या ओठांना लागते. त्या काळचा जिव्हाळा, असं दिग्दर्शक सगळ्यांना समजावून सांगत होता.

किशनरावांनी शेजारच्या सहायक मुलीला हळूच सांगितलं, "ताई, असं न्हवतं."

तिने ते दिग्दर्शकाला सांगितलं. तो तरुण होता आणि फार नम्र होता. गावातल्या गड्यालासुद्धा तो सर म्हणायचा. येऊन उकिडवा बसला आणि विचारलं, मग कसं होतं काका?

किशनरावांनी सांगितलं. तारेचं काम समजावून सांगावं तसं सांगितलं. वडील अंगणाच्या कडेला, बैलं बांधायच्या दाव्याशी उभे राहायचे. मालक, इस्तू, एवढंच म्हणायचे. इस्तू म्हणजे विस्तव. पाटील ज्वारीच्या धाटाने आगटीतला एक निखारा ओढायचे आणि उडवून मातीत टाकायचे. हातात कधी नाही, कारण हाताला हात लागला असता. वडील खाली बसायचे, निखारा चिमटीत धरायचे, फुंकून माती उडवायचे, बिडी पेटवायचे. निखारा तिथेच पडून राहायचा. तो पुन्हा आगटीत जात नसे. पावसाळ्यात तो चिखलात पडून विझायचा. मग परत मागायचा, नाहीतर बिडी कानावर ठेवून कामाला लागायचं. वडिलांच्या अंगठ्याच्या टोकाला कातडीचा रंग वेगळा होता. लाइनमनच्या पहिल्या पगारात किशनरावांनी सगळ्यात आधी काडीपेटी घेतली होती, ती याच्यामुळे.

घोळक्यातले सगळे आगटीकडे बघत होते. बाजूला उभे असलेले बालाजी पाटील म्हणाले, "काका, जुनं हाय ते. सोडा की आता."

"मी कुठं धरलं? ह्यांनी इचारलं."

किशनरावांची चूक इथे झाली, आणि ती त्यांच्या कामाने शिकवलेली होती. तारेत करंट आहे असं सांगितलं की काम थांबतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांना वाटलं, हे ऐकल्यावर ती हातोहात फिरणारी बिडी काढून टाकतील आणि विषय संपेल. सिनेमावाले करंट आहे म्हटल्यावर कॅमेरा जवळ आणतात.

हेच करू या, दिग्दर्शक म्हणाला. सालगड्याच्या जागी किशनराव, आणि पाटलांच्या भूमिकेतल्या नटाऐवजी या एका दृश्यात, पाठीमागून आणि हातापुरते, खरे बालाजी पाटील. जागा तीच, घराणी तीच. त्याचे डोळे चमकत होते.

किशनरावांनी सरळ नाही म्हटलं. मी वाकणार नाही म्हणाले. मग दिग्दर्शक त्यांच्याजवळ बसला, चहा मागवला आणि बराच वेळ बोलला. आजच्या पोरांना यातलं काही माहीत नाही, सगळा महाराष्ट्र बघेल, तुम्ही दाखवलं नाही तर कोण दाखवणार. किशनराव उठून बांधापर्यंत गेले आणि त्यांनी शीलाला फोन लावला. तिचा विरोध दोन गोष्टींना होता, बिडीला आणि वाकण्याला. मी जवळच होतो. त्यांनी तिला शेवटी जे सांगितलं ते एवढंच होतं:

"एकदा सगळ्यायला दिसू दे, शीला. मंग पुन्हा सांगायचं काम न्हाई."

परत येऊन त्यांनी एक अट घातली. निखारा जमिनीवर पडलेला दिसला पाहिजे आणि त्यांनी तो उचललेला दिसला पाहिजे. दिग्दर्शकाने हातावर हात मारून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दृश्य घेतलं. बालाजी पाटलांना सुरुवातीला जमेना. ते निखारा धाटावर घेऊन स्वतःच वाकायचे आणि किशनरावांच्या पायाशी हळूच ठेवायचे. तुम्ही देताय पाटील, दिग्दर्शक म्हणाला, टाकायचं आहे. पुन्हा घेतलं. पाटलांनी टाकला, पण टाकताना ओशाळून हसले. पुन्हा घेतलं. हळूहळू मनगट मोकळं होत गेलं. शेवटी शेवटी निखारा बरोबर हवा तिथे पडू लागला, आणि तो टाकताना पाटील किशनरावांकडे न बघता शेजाऱ्याशी बोलू लागले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाला ते फार आवडलं.

डॉक्टरची भूमिका करणारा नट ओढायचा त्या सिगारेटी वेगळ्या होत्या. त्यांत तंबाखू नसतो, कसला तरी सुका पाला असतो. त्याच्या प्रकृतीसाठी त्या मुंबईहून आणल्या होत्या. तशा बिड्या मिळत नाहीत. किशनरावांसाठी फाट्यावरच्या टपरीतून खऱ्या बिड्यांचा कट्टा आणला. काका, नुसती ओठात धरा, धूर आत घेऊ नका, असं सहायक मुलीने काळजीने बजावलं. त्यांनी नुसती धरली, तर ती विझली. त्यामुळे ओढावी लागली. प्रत्येक वेळी नवी बिडी, प्रत्येक वेळी पहिला झुरका खोलवर. खोकला आला की ध्वनीवाला हात वर करायचा. खोकला शॉट संपेपर्यंत धरता येईल का, असं त्याने विचारलं. किशनरावांनी धरला. त्यांच्या मानेच्या शिरा वर आलेल्या दिसत होत्या आणि छायाचित्रकार समाधानी होता.

दोरीच्या पलीकडे गाव उभं होतं. एक जण ओरडला, "काका, खांबावर चढताना तर असे वाकत न्हवता." हशा झाला. त्या गर्दीत किशनरावांच्या वस्तीतलीही काही माणसं होती. ती हसली नाहीत, पण थांबून राहिली. हाताचं जवळून चित्र घ्यायचं तेव्हा खरा निखारा चिमटीत धरावा लागला, कारण बनावट निखारा खोटा दिसत होता. बोटाला फोड आला. मेकअपच्या मुलीने त्यावर मलम लावलं आणि मग मातीचा रंग लावला, कारण पुढच्या शॉटमध्ये फोड नको होता.

अंधार पडायच्या आत कोणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. 'आमचे हिरो', आणि पुढे हसणारे चेहरे. वस्तीतल्या तरुण पोरांनी किशनरावांना जाब विचारला. कामून गेलात, म्हणाले. किशनरावांनी त्यांना शीलाला दिलेलंच उत्तर दिलं, एकदा दिसू द्या. माझी बातमी तिसऱ्या पानावर आली. फोटो नायकाचा होता.

त्या पौषाचं मला बाकी आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. यंत्राच्या धुरात उभी असलेली बैलं, आणि त्यांनी तो हुंगून तोंड फिरवणं. जेवणाच्या वेळी पाटलांच्या घरच्यांनी युनिटला वाढलेला हुरडा आणि लसणाची चटणी. किशनरावांचं ताट त्यांच्यातच, मधल्या ओळीत. पाटलीणबाईंनी त्यांना आग्रह करून दही वाढलं होतं. कॅमेरा बंद असताना सगळं आजच्यासारखं चाललं होतं.

सिनेमा पुढच्या उन्हाळ्यात आला. शीलाने लातूरच्या थिएटरची तिकिटं काढली. किशनराव भोकरहून एसटीने आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मीही गेलो. सुरुवातीलाच फुप्फुसं पिळून काळं पाणी काढल्याची सरकारी जाहिरात झाली. किशनरावांनी ती लक्षपूर्वक पाहिली. मग डॉक्टर गावात आला, ओढू लागला, आणि त्याने सिगारेट काढली की पडद्याच्या तळाशी पांढरी पट्टी यायची. तिच्यावर काळ्या अक्षरांत धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याचं लिहिलेलं. सिगारेट गेली की पट्टी जायची. पहिल्या गाण्यापर्यंत प्रेक्षकांना तिची सवय झाली.

आगटीचं दृश्य आलं. सुंदर चित्रित केलं होतं. संध्याकाळ तांबूस, धूर निळा, अंगण पूर्ण दिसेल अशी लांबची चौकट. किशनराव कडेला उभे. पाटलांचा हात आगटीकडे गेला, मनगट वळलं, निखारा हवेत एक रेघ ओढून खाली आला. खाली पट्टी होती. बिडी आहे म्हणून पट्टी होती. निखारा पट्टीमागे गेला. किशनराव वाकले, तेही पट्टीमागे गेले. उरली ती फक्त पाठ. मग ते ओठांत पेटलेली बिडी घेऊन वर आले. धरून ठेवलेल्या खोकल्याने चेहरा ओढला गेला होता, तो पडद्यावर हसल्यासारखा दिसत होता. आवाजाच्या जागी बासरी होती. हाताचं जवळून घेतलेलं चित्र सिनेमात नव्हतं.

मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "माणसं कशी जीव लावायची बघ एकमेकाला. मालकानं गड्याला इस्तू दिला."

शीला मागे वळणार होती. किशनरावांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वाकलेले दिसलाच नाहीत."

"हाव. तिथं पट्टी आली."

पट्टी कोण लावतं, असं त्यांनी मला विचारलं. तसा नियम आहे असं मी सांगितलं. लोकांनी ओढू नये म्हणून लावतात.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि फुटपाथच्या कडेला बसून बराच वेळ खोकले.

बातमीदाराच्या सवयीने मी दिग्दर्शकाला फोन केला. त्याने प्रेमाने काकांची चौकशी केली. हाताचा शॉट अप्रतिम होता, म्हणाला, पण फार जड जात होता, दृश्याचा मूड मोडत होता. लांबच्या चौकटीत सगळं आलंच आहे. पट्टीचं काम मुंबईत कोणी तिसराच करतो, त्याला फक्त कुठे सिगारेट दिसते तेवढं बघायचं असतं.

आता तो सिनेमा मोबाइलवरही बघता येतो. तिथेही पट्टी आहे. पाटलांच्या आखाड्यावर या दिवसांत हुरडा खायला नांदेडहून, लातूरहून गाड्या येतात. वाटेवर पाटी लावली आहे, सिनेमाचं शूटिंग झालेला आखाडा. पाटील पाहुण्यांना ते दृश्य लावून देतात आणि मनगट वळतं तिथे थांबवून दाखवतात. पाहुणे त्याच दाव्याशी उभे राहून व्हिडिओ काढतात, एक जण टाकतो, एक जण उचलतो. त्या हिवाळ्यात पुन्हा लागलेली किशनरावांची बिडी सुटलेली नाही. शीला आता त्याबद्दल बोलत नाही. ती दर महिन्याला ओढायच्या औषधाचा पंप पाठवते. तो डाव्या खिशात असतो, काडीपेटी उजव्या.

मागच्या रविवारी मी तिकडे गेलो होतो. किशनरावांच्या शेतात तूर मळायला यंत्र आलं होतं. ते बांधावर उभे होते, डोक्याला रुमाल, भुवयांवर भुसकट. आखाड्यावर पाहुणे होते, लातूरची दोन कुटुंबं. हुरडा खाऊन झाला होता. पाटलांनी बांधाकडे बघून हाक मारली.

"काका, या की. पाहुण्यायला एकदा ते करून दाखवू. चहा ठिवलाय."

माझ्या अंदाजाने ते जाणार नव्हते. ते गेले. रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि दाव्याच्या जागेपाशी जाऊन उभे राहिले. पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. पाटलांनी भूमिकेसाठी स्वतःच्या ओठांत बिडी ठेवली होती, पण हुरड्याची आगटी विझून राख झाली होती. धाटाने उकरून पाहिलं, निखारा नव्हता. पाटलांनी दोन्ही खिसे चाचपले.

"काका, काडी हाय का?"

किशनरावांनी काडीपेटी काढली. काडी ओढली. ज्योत ठरेपर्यंत दोन्ही तळव्यांत धरली, वाऱ्यात काम केलेला माणूस धरतो तशी. पाटील बिडी ओठांत घेऊन पुढे सरकले, मान वाकवली. किशनराव माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला विचारलं, नांदेडला थंडी कशी आहे. विचारता विचारता मनगट वळलं. जळती काडी दोघांच्या मधे मातीत पडली.

"असं होतं," ते पाहुण्यांना म्हणाले.

काडी जळून वाकडी झाली आणि विझली. पाटलांची मान अजून पुढेच होती. बिडी ओठांत होती, पेटलेली नव्हती. मोबाइल चालू होते, आणि त्यांच्या पडद्यांवर खाली पट्टी नव्हती. काडी, माती, वाकलेली मान, सगळं स्वच्छ दिसत होतं.

किशनराव चहा न घेता यंत्राकडे परत गेले.

गावाच्या ग्रुपवर त्या दिवशी हुरड्याचे फोटो आले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्याचा एक फोटो आला. काडीचा व्हिडिओ आलेला नाही.